एका डोंगलवर बारा लॅपटॉप

सोमवारी सकाळी टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारात बारा खोकी आणि एक लोखंडी पेटी उतरली, तेव्हा मास्तर नऊच्या बॅचला ताठ बसायला शिकवत होते. खोकी आणणाऱ्याने पोचपावती पुढे केली. मास्तरांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, लाल पेनाने तिच्यातल्या दोन चुका सुधारल्या आणि मगच सही केली. खोकीवाला म्हणाला, "साहेब, ही पावती आहे, पेपर नाही." मास्तर म्हणाले, "म्हणूनच दोन चुकांवर सोडली."

खोक्यांबरोबर परीक्षा मंडळाचं पत्र होतं. त्याचा मथितार्थ असा की, यंदापासून टायपिंगची परीक्षा लॅपटॉपवर होईल. बारा लॅपटॉप मंडळाने दिले आहेत, पण ते कोरे आहेत. म्हणजे आत काहीही नाही, बटण दाबलं तर आपण लॅपटॉप आहोत एवढंही त्यांना ठाऊक नसेल. त्यांना लागणारी सगळी यंत्रणा मोहोरबंद पेटीत भरून पाठवली आहे. लॅपटॉप तारेने पेटीला जोडावा, चालू करावा, आणि त्याने तारेतून आपली यंत्रणा आपण ओढून घ्यावी. या प्रकाराला नेटवर्क बूट म्हणतात. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'ही क्रिया अत्यंत सोपी असून केंद्रचालकांनी घाबरून जाऊ नये.'

तोवर मास्तर घाबरले नव्हते.

त्याखाली टीप होती. शुक्रवारी दुपारी चार वाजता तपासनीस येतील. बाराच्या बारा लॅपटॉपवर परीक्षेचा निळा पडदा दिसला पाहिजे. न दिसल्यास केंद्राची मान्यता रद्द होऊन विद्यार्थी जवळच्या केंद्राला जोडले जातील.

जवळचं केंद्र म्हणजे रस्त्यापलीकडचं 'सुपरफास्ट'. त्याच्या मालकाला सगळी गल्ली सुपरफास्टच म्हणत असे. तिथे मुलं दोन बोटांनी टाइप करत आणि बोटांकडे बघत. सव्वीस वर्षांत मास्तरांनी शिकवलेल्या एकाही विद्यार्थ्याने बोटांकडे बघितलं नव्हतं. ज्याने बघितलं त्याच्या हातांवर मास्तर टॉवेल टाकत. आपली एकेचाळीस मुलं टॉवेलविना सुपरफास्टकडे बसली आहेत, या विचाराने मास्तरांची पाठ आणखी ताठ झाली.

"शुक्रवारपर्यंत बारा म्हणजे बारा," ते म्हणाले.

"आधी एक तर उघडा," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती. आतल्या खोलीत त्या शॉर्टहँड शिकवत, आणि मिनिटाला एकशेवीस शब्द उतरवून घेण्याचा सराव असल्यामुळे घरात मास्तर काय म्हणाले होते याचा पुरावा नेहमी त्यांच्याकडे असे.

पहिला लॅपटॉप उघडला. सडपातळ, चकचकीत, देखणा. मास्तरांनी पेटीची तार हातात घेतली आणि ती खुपसायची जागा शोधायला लागले. डावीकडे नव्हती. उजवीकडे नव्हती. मागे नव्हती. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, चष्मा बदलला, बॅटरी आणली. मग दुसरं खोकं फोडलं, की बाबा हा एखादा सदोष निघाला असेल. दुसराही तसाच. अर्ध्या तासात बारा लॅपटॉप पाठीवर पडलेल्या कासवांसारखे टेबलावर ओळीने पडले होते आणि एकालाही तारेचं भोक नव्हतं.

झालं होतं असं की, मंडळात लॅपटॉप निवडणारी समिती वेगळी आणि पेटी निवडणारी समिती वेगळी. पहिलीने तारेचं भोक नसलेले लॅपटॉप निवडले. दुसरीने तारेशिवाय चालत नाही अशी पेटी निवडली. दोन्ही समित्यांनी आपापलं काम चोख केलं होतं.

याच वेळी टेलिफोनकाका जिन्यावरून उतरले. काका वरच्या मजल्यावर राहत. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते आणि जगातला प्रत्येक बिघाड सांध्यात असतो, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाले, "डोंगल लागेल. एका बाजूने तार खुपसायची, दुसरी बाजू लॅपटॉपच्या यूएसबीत. कोपऱ्यावर मिळतं."

सल्ला बरोबर होता. हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे कोणाचा विश्वास बसेना. मास्तर उठलेही, पण तेवढ्यात बाईंनी मंडळाच्या नियमावलीचं पान पुढे केलं. नियम सातवा : संगणकास कोणतेही बाह्य उपकरण जोडू नये, जोडलेले आढळल्यास मान्यता तत्काळ रद्द.

"अहो, कोण बघणार आहे?" काका म्हणाले.

"मी बघतोय," मास्तर म्हणाले, आणि छत्री घेऊन मंडळाच्या कार्यालयाकडे निघाले.

मंडळाच्या कार्यालयात खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनाने अर्ज वाचला. "बाह्य उपकरण जोडायची परवानगी? नियम सातखाली मनाई आहे."

"ठाऊक आहे. पण उपकरणाशिवाय तार जोडता येत नाही."

"मग जोडू नका."

"मग यंत्रणा येणार नाही."

"तो तांत्रिक विषय झाला. तांत्रिक विषय खिडकी नऊ."

खिडकी नऊने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं, की अडचण तांत्रिक असली तरी परवानगी प्रशासकीय आहे, खिडकी चार. मास्तर चार आणि नऊच्या मध्ये पाच वेळा गेले. सहाव्या वेळी ते चारसमोर हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "आता मी इथेच आहे." त्यांच्यामागे रांग वाढायला लागली, तसा कारकुनाला नियमावलीत एक पोटनियम सापडला. अपवादात्मक परिस्थितीत परवानगी देता येत होती. मात्र एका अर्जावर एक उपकरण, त्यावर मंडळाचा शिक्का, आणि एका अर्जाला पंधरा दिवस.

"पंधरा दिवस?"

"हा पहिला तातडीचा म्हणून आत्ता देतो. बाकीच्या अकरांना पंधरा."

मास्तर कोपऱ्यावरून एक डोंगल घेऊन आले. कारकुनाने त्यावर मंडळाचं गोल चिकटपत्र लावलं, पत्रात 'एक (१) उपकरण' असं लिहिलं आणि कोणी एकाचे अकरा करू नये म्हणून कंसातल्या आकड्याभोवती दोन रेघा मारल्या. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एका डोंगलने एकामागून एक बारा लॅपटॉप भरायचे. टायपिंगमध्येसुद्धा एका वेळी एकच अक्षर उमटतं.

मंगळवारी आठ वाजता मास्तरांनी पहिला लॅपटॉप जोडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, एक रेघ गरगर फिरली आणि संदेश उमटला : तार तपासा.

काकांना एवढं पुरे होतं. "सांधा!" ते म्हणाले आणि घरून पक्कड घेऊन आले. मास्तर मागे वळेपर्यंत काकांनी तारेचं टोक छाटलं होतं. आतून आठ बारीक रंगीत तारा बाहेर पडल्या. टेलिफोनमध्ये दोनच असत. काका थोडा वेळ त्या आठांकडे पाहत राहिले; बरंच मोठं कुटुंब जेवायला आल्यावर यजमान पाहतो तसे. मग म्हणाले, "करू."

दुपारी दोनपर्यंत काकांनी तीन टोकं बसवली आणि चार छाटली. तार आखूड होत होत टेबलावरून पेटीपर्यंत पोचेना, तेव्हा मास्तरांनी कोपऱ्यावरून तयार तार आणली. ती लावली तरीही तोच संदेश. शेवटी बाईंनी डोंगल बोटाने आत दाबलं. ते अर्धंच बसलं होतं.

"हेच मी म्हणत होतो," काका म्हणाले. "सांधा."

आता संदेश बदलला. लॅपटॉपला पत्ता मिळाला, पण पुढे काय आणायचं ते कोणी सांगितलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत आलं आणि पडदा मिटला. मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांचा चेहरा खुलला होता. काकांना आश्चर्य वाटलं.

"अहो, आताही बिघडलेलंच आहे."

"पण वेगळं बिघडलंय," मास्तर म्हणाले. "रोज तीच चूक करणारा विद्यार्थी ठोंब्या. रोज नवी चूक करणारा शिकतोय."

मंडळाचा मदतक्रमांक लागायला चाळीस मिनिटं लागली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पेटीबरोबर दुसरं कुठलं यंत्र जोडलंय का? घरातलं वायफाय वगैरे?"

मास्तर नाही म्हणणार, इतक्यात त्यांची नजर टेबलाखाली गेली. तिथे इन्स्टिट्यूटचा वायफायचा डबा त्याच जोडणीत खुपसलेला होता आणि हिरवा दिवा लुकलुकत होता.

"जरा ताकद मिळावी म्हणून लावला," काका म्हणाले.

मुलीने समजावून सांगितलं. लॅपटॉप उठला की तारेत हाक मारतो, कोणी आहे का, मला पत्ता द्या. उत्तर पेटीने द्यायचं असतं. पण वायफायचा डबा उतावळा. तोच आधी 'मी आहे, मी आहे' म्हणतो आणि पत्ता देऊन टाकतो. पत्त्यावर गेलं तर घरात काहीच नाही. मास्तरांनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते. डबा काढला.

आणि चार वाजून दहा मिनिटांनी पहिल्या लॅपटॉपवर एक आडवी पट्टी उमटली आणि मुंगीच्या पावलांनी उजवीकडे सरकू लागली. पस्तीस मिनिटं खोलीत कोणी हललं नाही. चारची बॅच हातावर हात ठेवून उभी होती. पट्टी भरली, पडदा काळा झाला, आणि मग निळा पडदा उजळला : परीक्षार्थीने आपला क्रमांक टाकावा.

टाळ्या झाल्या. मास्तरांनी वहीत लिहिलं : 'एक झाला. उरले अकरा. गुणिले पस्तीस मिनिटे, सहा तास पंचवीस मिनिटे. उद्या दुपारच्या आत संपेल.'

बुधवार दुपार आली आणि गेली.

दुसऱ्या लॅपटॉपने हाक मारली, पेटीने पत्ता दिला, आणि मग पेटी गप्प बसली. लॅपटॉप थोडा वेळ थांबला आणि मुकाट्याने बंद झाला. तिसरा तसाच. सातवा तसाच. सातव्यावर मास्तरांची भिस्त होती, कारण त्याचं खोकं सगळ्यांत कमी दबलं होतं. बाराव्यापर्यंत सगळे करून झाले. पहिला मात्र निळ्या पडद्यानिशी ऐटीत बसला होता, घरातल्या एकुलत्या एका पदवीधरासारखा.

सकाळच्या बॅचचा सल्ला होता, लॅपटॉप गरम होतात, पंख्याखाली ठेवा. दुपारच्या बॅचचा सल्ला होता, पंख्याने तारेत अडथळा येतो, पंखा बंद करा. काकांनी सांधा सुचवला. मास्तरांनी पक्कड कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

मदतक्रमांकाची मुलगी म्हणाली, "आमच्या नोंदीत तुमचं एक मशीन यशस्वी दिसतंय सर. अभिनंदन!"

"उरलेल्या अकरांचं काय?"

"ती दिसतच नाहीत."

"ती माझ्यासमोर टेबलावर आहेत."

"आमच्याकडे एकच मशीन पुन्हा पुन्हा येतंय सर, आणि त्याचं काम तर झालंय. पेटी बंद करून चालू करून बघाल?"

मास्तरांनी पेटी बंद करून चालू केली. अकरा वेळा. मुलीचं मधलं वाक्य त्या गडबडीत हवेत विरून गेलं. पण बाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि फोन मोठ्याने लावलेला होता. सवयीने त्यांनी ते उतरवून घेतलं.

गुरुवारी सकाळी सुपरफास्ट आला. गळ्यात बिल्ला, हातात दोन फोन. त्याने टेबलावरची अकरा काळ्या पाट्या पाहिली आणि हळहळला. "मास्तर, ह्या वयात कशाला दगदग? तुमची एकेचाळीस मुलं माझ्याकडे बसतील. तुम्हीही या. आमच्याकडे मधल्या सुट्टीत हजेरी घ्यायला माणूस हवाच आहे."

मास्तरांनी खिशातून टॉवेल काढला आणि टेबल पुसायला घेतलं. सुपरफास्टचे हात टेबलावर होते. ते त्याला उचलावे लागले.

तो गेल्यावर बाई वही घेऊन बाहेर आल्या. "अहो, काल ती मुलगी म्हणाली, एकच मशीन पुन्हा पुन्हा येतंय. हे बघा, लिहिलंय."

"चुकून म्हणाली असेल. अकरा मशीन लावली मी."

"मशीन उठतं तेव्हा पडद्यावर काय काय येतं?"

"येतं आणि जातं. दोन सेकंदांत चार ओळी. वाचून होईपर्यंत गायब."

बाईंनी खुर्ची ओढली, वही मांडीवर घेतली आणि पेन्सिलीचं टोक पाहिलं. "तुम्ही वाचा. मी घेते."

तेव्हा काय घडलं ते त्या खोलीतच घडू शकत होतं. मास्तरांचा डोळा सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरावरून धावत आलेला. अर्थ न कळता अक्षर न् अक्षर वाचायची कला त्यांना साधली होती. बाईंचा हात तसाच, अर्थाची वाट न पाहता चालणारा. मास्तरांनी दुसरा लॅपटॉप चालू केला आणि पडदा उजळताच एका दमात ओरडायला सुरुवात केली. अक्षरं, आकडे, बिंदू, रेघा. पेन्सिल सरसरली. पडदा मिटला. तिसरा. पुन्हा तेच. पाचवा. आठवा. काका दारात येऊन उभे राहिले आणि नवरा-बायकोचं भांडण समजून आल्यापावली परतले.

बाराव्यानंतर बाईंनी रेघोट्यांवरून बोट फिरवलं. "दुसऱ्या ओळीत बारा अक्षरांचा एक नंबर येतो."

"हो, प्रत्येक मशीनचा असतो. लॅपटॉपच्या ओळखीचा."

"मग ह्या अकरा जणांचा एकच कसा?"

मास्तरांनी वही घेतली. शॉर्टहँड त्यांना फारसं येत नसे, पण अकरा ठिकाणी तीच वेलांटी तोच फास घेत होती, एवढं कळत होतं. त्यांनी डोंगल काढून उलटं केलं. मंडळाच्या गोल चिकटपत्राने अर्धा झाकलेला, पण वाचता येण्याजोगा, तोच नंबर त्याच्या पाठीवर छापलेला होता.

मास्तर खाली बसले.

लॅपटॉप आपली ओळख सांगतच नव्हते. ओळख सांगत होतं डोंगल. मंगळवारी ह्या नंबराने पेटीकडून यंत्रणा घेतली, पेटीने वहीत खूण केली, आणि त्यानंतर कोणताही लॅपटॉप येवो, पेटी म्हणत होती, तुम्ही घेऊन गेलात. पेटीला वाटत होतं एकच इसम बारा तोंडांनी मागायला येतोय. पेटी खिडकी क्रमांक चारच्या वळणावर गेली होती.

त्यांनी मदतक्रमांक लावला. "तो नंबर पेटीच्या नोंदीतून खोडा."

"खोडता येत नाही सर. परीक्षेची गोपनीयता."

"मग दुसरं डोंगल चालेल?"

"त्याला परवानगी लागेल सर. पंधरा दिवस."

ही बातमी रस्ता ओलांडून कशी गेली कोण जाणे (काका तेव्हा बाहेर उभे होते), पण दहा मिनिटांत सुपरफास्ट परत आला. त्याच्या हातात बुटाचं खोकं होतं आणि खोक्यात डोंगल. "बारा आहेत. घ्या. शेजारधर्म. उद्या तपासनीस आले की खिशात टाकायची."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. दुपारचे एक वाजले होते. खोक्यातल्या डोंगलांनी संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं असतं. मास्तरांची नजर क्षणभर खोक्यात गेली आणि तिथेच जरा रेंगाळली.

"परवानगी एकाची आहे," ते म्हणाले.

"अहो मास्तर, कंसातला एक कोण वाचतो?"

"मी सव्वीस वर्षं मुलांना कंसातलंही वाचायला शिकवलंय." त्यांनी खोक्याचं झाकण लावून दिलं. "एकानेच होईल. डोंगल स्वतःचा नंबर सांगतंय, तर लॅपटॉपला त्याचा स्वतःचा नंबर सांगायला लावायचं. त्याला नंबर नाही असं होणार नाही."

"आणि ते कसं करणार?"

"वाचून."

लॅपटॉप चालू होताना एक बटण दाबून धरलं की त्याच्या पोटातली मांडणी उघडते, हे मास्तरांनी पत्रात वाचलं होतं. तिथे एकोणीस पानं होती. मास्तरांनी पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पंख्याचा वेग, पडद्याचा उजेड, झाकण बंद केल्यावर झोपायचं की जागं राहायचं. त्यांनी एकही ओळ गाळली नाही. दोनची बॅच आली, बसली, सराव करून गेली. अकराव्या पानावर काकांनी डोकावून, "शेवटून सुरुवात केली असती तर?" असं विचारलं. तेराव्या पानावर बाईंनी चहा ठेवला. सोळाव्यावर तो उचलून नेला.

सतराव्या पानावर, खालून दुसरी ओळ. बाहेरून तार जोडल्यास डोंगलचा नंबर न सांगता लॅपटॉपचा स्वतःचा सांगावा काय? समोर लिहिलं होतं : नाही.

मास्तरांनी 'नाही'चं 'होय' केलं.

चार वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्या लॅपटॉपवर आडवी पट्टी उमटली. ह्या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मास्तरांनी फक्त मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. साडेसहाला खालच्या मजल्याचं फाटक बंद होईपर्यंत पाच लॅपटॉप निळे होते. रखवालदाराला मास्तरांनी विनवून पाहिलं, पण तोही नियमाने चालणारा निघाला, आणि मास्तरांना त्याच्यावर रागावता येईना.

शुक्रवारी आठला पुन्हा बैठक बसली. सहावा, सातवा, आठवा, नववा. दहा वाजून वीस मिनिटांनी दहावा लावला. पट्टी मध्यावर आली आणि वीज गेली. लॅपटॉपमध्ये बॅटरी होती. पेटीत नव्हती.

वीज कार्यालयाने सांगितलं, दोन तास. दोन तासांनी सांगितलं, आणखी दोन. पाऊण वाजता मास्तर जिना चढून काकांच्या दारात गेले आणि खिशातली किल्ली पुढे केली.

"काका, तुमच्या घरी बॅटरीवर दिवे चालतात ना?"

"चालतात की."

"खिडकीतून खाली वायर सोडता येईल? जोडावी लागेल, दोन ठिकाणी."

काकांनी किल्ली घेतली. "सांधे?" ते म्हणाले, आणि लगेच जिना उतरायला लागले.

पक्कड कपाटातून सुटली. दीड वाजता वरच्या खिडकीतून पिवळी वायर खाली उतरली, मास्तरांच्या खिडकीतून आत आली, आणि पेटीचा दिवा लागला. दोन्ही सांधे एका फटक्यात बसले होते. दहावा पुन्हा मुळापासून, दोन वाजून पंधराला निळा. अकरावा दोन पन्नासला. दोन एक्कावन्नला बारावा लावला. बाईंनी हिशेब केला, तीन सव्वीस. चौतीस मिनिटं हातात.

तीन वाजून दहा मिनिटांनी तपासनीस आले.

"आधीचं केंद्र बंद निघालं म्हणून लवकर आलो," ते दमलेल्या आवाजात म्हणाले आणि रांगेवरून नजर फिरवली. "अकरा चालू. एक बंद."

"बंद नाही साहेब, येतोय," मास्तर म्हणाले. पट्टी अर्ध्यावर होती.

"हे काय जोडलंय? नियम सात—"

मास्तरांनी परवानगीपत्र पुढे धरलं. तपासनीसांनी ते वाचलं. कंसातला आकडाही वाचला. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना त्या माणसाबद्दल आदर वाटला.

"एकच उपकरण?"

"एकच."

"ह्या आठवड्यात नऊ केंद्रं पाहिली. आठांत एकच मशीन चालू आणि बाकी सगळी बंद. नवव्यात बारा डोंगल सापडली, ते रद्द केलं. तुम्ही बारा कशी केलीत?"

मास्तरांनी घसा साफ केला. पाच दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "त्याचं असं झालं साहेब, सोमवारी सकाळी—"

तपासनीसांनी हात वर केला. "थांबा. आधी फॉर्म." त्यांनी छापील कागद काढला. केंद्राचं नाव, लॅपटॉपची संख्या, आणि शेवटचा रकाना : अडचणी, असल्यास. "इथे एक शब्द जरी लिहिला तरी फाईल अडचण निवारण समितीकडे जाते. समिती वर्षातून दोनदा बसते. तोवर मान्यता स्थगित."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मला काही सांगितलं, तर मला ते लिहावं लागेल. बोला, काही अडचणी?"

बाराव्या लॅपटॉपची पट्टी सरकत होती. काका दारात होते. बाईंनी अभावितपणे पेन्सिल उचलली होती. मास्तरांच्या तोंडाशी सोमवार आला, खिडकी चार आली, छाटलेली तार आली, बारा अक्षरांचा नंबर आला, सतरावं पान आलं. त्यांनी ते सगळं गिळलं.

"नाही," ते म्हणाले.

तपासनीसांनी वळणदार अक्षरात लिहिलं : निरंक. त्याखाली केंद्रचालकाची सही हवी होती. समोरचा कागद चुकीचा आहे हे माहीत असताना, सुधारणा न करता मास्तरांनी केलेली ती पहिली सही. तीन सव्वीसला बारावा पडदा निळा झाला. तपासनीसांनी मान्यतेचा शिक्का उमटवला, पाणी प्यायले आणि निघाले. दारातून वळून हळूच म्हणाले, "कधीतरी सुट्टीच्या दिवशी ऐकायला येईन." ते येणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी मास्तर कोणाशी बोलले नाहीत. दुपारी ते जुन्या टाइपरायटरसमोर बसले, कागद चढवला आणि सोमवारपासून सगळं उतरवून काढलं. कारकून, काका, सुपरफास्टचं खोकं, सगळं. नऊ पानं झाली. मंडळाला पाठवावीत तर मान्यता जाईल. वर्तमानपत्राला पाठवावीत तर मंडळ वाचेल. बाई म्हणाल्या, "अहो, मला तर सगळं माहीत आहे. पण वाचून दाखवा." अर्ध्यावर त्या दुरुस्त्या सांगायला लागल्या, तेव्हा मास्तरांनी वाचन थांबवलं.

सोमवारी वेगाचा सराव होता. इतकी वर्षं सरावाला एकच उतारा असे, उद्योगप्रियतेच्या महत्त्वावर, आणि तो टाइप करताना मुलं डोळे उघडे ठेवून झोपत. मास्तरांनी तो बाजूला सारला आणि नऊ पानांच्या प्रती बारा लॅपटॉपशेजारी ठेवल्या. "दहा मिनिटं. बोटांकडे बघायचं नाही. चालू."

बारा कळफलक एकदम कडकडले. मास्तर मागे हात बांधून फिरत राहिले. चौथ्या मिनिटाला कोपऱ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. सातव्याला दुसऱ्या रांगेतून "अरे देवा" ऐकू आलं. मास्तर रागवायला वळले, आणि वळून तसेच उभे राहिले. दहा मिनिटं झाली. त्यांनी घंटी मारली.

एकही हात थांबला नाही.

"वेळ संपली," मास्तर म्हणाले.

"सर, एकच मिनिट," पुढच्या रांगेतली मुलगी मान न वळवता म्हणाली, "अकरा जणांचा नंबर एकच कसा, ते पुढच्या पानावर आहे."

सव्वीस वर्षांत मास्तरांनी कोणालाही एक सेकंद वाढवून दिला नव्हता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. तिथे बाई उभ्या होत्या.

"पाठ ताठ," मास्तर म्हणाले. "शेवटच्या पानापर्यंत जा."